आजोबांची चिलीम आणि पोराचा 'हायड्रो'

प्रश्न वर्ध्याच्या एका वडिलांचा आहे. मुलगा २० वर्षांचा, नागपुरात हिंगणा रोडला मित्रांसोबत रूम करून राहतो, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. महिन्यापूर्वी रात्री दीड वाजता त्याचा फोन आला, 'बाबा, छाती धडधडून राहिली, मी वाचत नाही आता.' मित्रांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी नीट निघाला. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की वर्षभरापासून जवळजवळ रोज 'हायड्रो', म्हणजे कडक गांजा, ओढतो. वडील लिहितात, 'माझे वडील भजनी मंडळात चिलीम ओढायचे. ८२ वर्षं जगले, डोक्याचा काही त्रास नाही. पोरगा म्हणतो, झाडाची वस्तू आहे, कॅनडात कायदेशीर आहे, दारूपेक्षा बरी. मी किती घाबरू? आणि आता करू काय?' शेवटी एकच ओळ आहे : 'त्याचं वर्ष वाया जाईल का हो?'

भाऊ, मी २२ वर्षं नागपुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. सुरुवातीला गांजासाठी माझ्याकडे येणारी माणसं पस्तिशी-चाळिशीची असत आणि बहुतेकांना दारूही असे, गांजा जोडीला. आता समोरच्या खुर्चीत १७ ते २३ वर्षांचं पोरगं असतं, दारूला कधी न शिवलेलं, आणि बाजूला पर्स घट्ट धरून बसलेली आई. हा बदल का झाला, याचं उत्तर तुमच्या वडिलांच्या चिलमीपासूनच द्यावं लागेल. त्यांचं उदाहरण मी खोटं ठरवणार नाही. ते खरंच आहे. पण ते ज्या वस्तूचं उदाहरण आहे, ती वस्तू तुमच्या मुलाच्या हातात नाही.

चिलीम भरताना आजोबा काय करायचे आठवा. पुडीतला माल तळहातावर घेऊन चोळायचे, काड्या नि बिया वेचून बाजूला टाकायचे. एखादी बी राहिलीच तर चिलमीत चट् करून फुटायची. ती बी महत्त्वाची आहे. गांजा म्हणजे मादी झाडाची फुलं. परागकण मिळाले की झाड आपली ताकद बी धरण्यात लावतं. नर झाडं काढून टाकली, मादीला परागकण मिळूच दिले नाहीत, तर ती फुलं चिकट राळेनं भरत जातात, आणि नशा आणणारं टीएचसी त्या राळेतच असतं. बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, निवडक वाण घेऊन, मातीऐवजी खतपाण्यावर हे झाड वाढवलं की त्याला 'हायड्रो' म्हणतात. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजाची वर्षानुवर्षं तपासणी होत आली आहे. १९९५ मध्ये त्यात सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, आता १५ टक्क्यांच्या आसपास आहे. खास वाढवलेली फुलं २० टक्क्यांच्या पुढे जातात, आणि त्यातून काढलेलं तेल किंवा मेण, जे वेपमधून ओढतात, ६० ते ९० टक्के. आपल्याकडचं माप सांगायचं तर ताडीचा पेला आणि मोहाची पहिल्या धारेची, दोन्हीला 'दारू' म्हणण्यासारखं हे आहे. फरक एवढाच की मोहाची घशाखाली उतरताच कळते. इथे माल गुंडाळायचा गोगो कागद तोच, झुरका तोच, पानठेल्यामागचा कोपरा तोच. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 'हायड्रो' हा शब्द तो भाव वाढवायलाही वापरतो.

ओडिशा-आंध्रकडून रेल्वेनं येणारा दाबलेला, बियांचा गांजा नागपूर जंक्शनवर पूर्वीपासून पकडला जातो आणि आजही जातो. २०२२ मध्ये थायलंडनं गांजावरची बंदी उठवली, त्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक गांजा सापडण्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. तो कोणत्या वाटेनं हिंगण्यापर्यंत पोहोचतो हे पोलिसांनी पाहायचं. मला एवढंच दिसतं की पोरांच्या तोंडी तीन-चार वर्षांत 'माल' आणि 'पत्ती' हे शब्द मागे पडले आणि 'हायड्रो', 'ओजी', 'क्रीम' आले.

काही वाचलेले पालक मला १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला देतात. इंग्रज सरकारनं नेमलेल्या त्या आयोगानं ११९३ साक्षी घेतल्या आणि बेतानं घेतलेल्या गांजा-भांगेनं फारसं बिघडत नाही, असं नोंदवलं. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि प्रांताचा गांजा खंडव्याकडे सरकारी देखरेखीत पिकत असे. हे सगळं बरोबर आहे. पण त्याच आयोगानं अतिसेवनानं मन दुबळं होतं, आणि ज्याचा मूळ पिंडच नाजूक आहे त्याला वेडही लागू शकतं, हेही लिहिलं आहे. ते वाक्य कुणी सांगत नाही.

आता शरीरात काय होतं ते पाहू. टीएचसी १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळं काढलं. ते मेंदूत नेमकं कुठे बसतं हे कळायला आणखी २४ वर्षं लागली. ज्या कुलपात ही किल्ली बसते त्याला सीबी-१ म्हणतात. आपल्या शरीराचं स्वतःचं कुलूप आहे तर स्वतःची किल्लीही असणार, म्हणून शोध चालू राहिला आणि १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली. तिचं नाव त्यांनी आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदमाइड' ठेवलं.

ही आपली किल्ली करते काय? मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप फार जोरात यायला लागला की घेणारी पेशी उलट सांगते, 'पुरे, जरा हळू.' हा उलटा निरोप म्हणजे आनंदमाइड आणि त्याचं एक भावंड. जिथे गरज आहे तिथेच, गरजेपुरतं तयार होतं आणि काम झालं की लगेच मोडून टाकलं जातं. टीएचसी तसं नाही. ते एकाच वेळी सगळीकडे पसरतं, तासन् तास राहतं, आणि ज्या पेशीला हळू व्हायचं नव्हतं तिलाही हळू करतं. आठवणी मांडणाऱ्या भागात गेलं की पोरगं वाक्य सुरू करतं आणि मधेच विसरतं. तोल सांभाळणाऱ्या भागात गेलं की बाइकचा ब्रेक उशिरा लागतो. रिंग रोडवर तो अर्धा सेकंद पुरे होतो. वेळेचं भान सैल होतं, दहा मिनिटं तासाएवढी वाटतात. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात ही कुलपं फार कमी आहेत, म्हणून अफूसारखा गांजानं श्वास थांबत नाही. 'गांजानं कोणी मरत नाही' हे पोरांचं वाक्य इथून आलंय, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही आहे.

भीती सांभाळणाऱ्या भागात एक विचित्र गोष्ट घडते. थोडं टीएचसी माणसाला निवांत करतं, जास्त झालं की तेच घाबरवतं. तुमच्या मुलाची ती रात्र अशीच असावी. टीएचसीनं नाडी २० ते ५० टक्क्यांनी वाढते. ७२ ची १०५ झाली. उभं राहिलं की रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मेंदूतली भीतीची घंटा आधीच वाजत असते, त्यात स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येते आणि पोरगं ठरवून टाकतं की आता संपलं. ईसीजी चांगला आला याचा अर्थ त्यानं नाटक केलं असा मुळीच नाही. मरणाची भीती त्यानं खरोखर भोगली आहे. ती रात्र त्याला आठवून द्या, पण हिणवण्यासाठी नको. सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण त्याच्याजवळ तेच आहे.

हृदयाचं एक सांगून ठेवते, ते मुलापेक्षा तुमच्या वयाच्या मित्रांसाठी जास्त आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गांजा ओढल्यावरच्या पहिल्या तासात अटॅकचा धोका ४.८ पट आढळला. विशीत मुळातला धोका इतका कमी असतो की पाचपट होऊनही कमीच राहतो. पन्नाशीत, शुगर-बीपी असताना, तसं म्हणता येत नाही.

भांगेचंही इथेच सांगते, कारण महाशिवरात्र आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हमखास फोन येतात. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो. पोटात गेलेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो. यकृत त्याचं आणखी तीव्र रसायन बनवतं आणि सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त उतरू देत नाही. 'काहीच झालं नाही बे' म्हणून दुसरा ग्लास घेतात, आणि मग दोन्ही मिळून चढतात. गांजा घातलेल्या ब्राउनी आणि गमीचं गणित हेच, फक्त ताकद बरीच जास्त.

उलट्यांचा एक आजार आहे, तो सविस्तर सांगते, कारण त्यात घरच्यांचे पैसे आणि पोराचं शरीर दोन्ही जातं आणि कारण कुणालाच सापडत नाही. (पुढच्या दोन्ही रुग्णांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.) मे महिना होता, बाहेर ४५ अंश. २४ वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली. चार महिन्यांत ११ किलो वजन उतरलेलं. सकाळी उठल्यापासून मळमळ, मग उलट्या, कधी दिवसाला वीस-वीस. दोनदा एंडोस्कोपी झाली, दोनदा सोनोग्राफी, पित्ताशय काढून टाकायचा सल्ला मिळालेला. मी सहज विचारलं, 'बरं कशानं वाटतं?' त्याच्याआधी आई बोलली, 'मॅडम, आंघोळीनं. दिवसातून आठ-दहा वेळा जातो. टाकीतलं पाणीच हाताला चटका देऊन राहिलं, तरी याला गिझर लागतो.' त्यानं शर्ट वर केला. पाठ आणि पोट लालभडक, जागोजागी साल गेलेली, शेकल्यासारखी. नागपूरच्या मे महिन्यात कडक पाण्यानं दहा वेळा आंघोळ कोणी हौसेनं करत नाही.

२००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं : वर्षानुवर्षं रोज गांजा, थांबत नाहीत अशा उलट्या आणि गरम पाण्यानं आराम. गांजा मळमळ थांबवतो हे जगाला माहीत आहे, कॅन्सरच्या केमोथेरपीत त्यासाठी त्याच्यापासून बनवलेली औषधं वापरतात. म्हणून हा मुलगा उलट्या सुरू झाल्यावर गांजा वाढवत गेला. पण रोज भरपूर डोस घेणाऱ्या काही जणांमध्ये हाच परिणाम उलटा फिरतो. उष्णता ओळखणाऱ्या त्वचेतल्या ग्राहींचा, म्हणजे अशाच कुलपांचा, यात वाटा असावा, कारण भिवापुरी मिरचीला जे तिखट करतं ते कॅप्सेसिन मलमातून पोटावर लावलं तरी आराम पडतो. (घरी मिरची चोळून पाहू नका. भाजलेली पोटंही मी पाहिली आहेत.) या मुलाला सलाइन दिलं, दोन औषधं दिली, आणि गांजा पूर्ण बंद. बारा दिवसांत उलट्या थांबल्या. पित्ताशय अजून जागेवर आहे.

फुप्फुसांचं थोडक्यात : धूर खोल ओढून दाबून धरतात, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त बसतं, खोकला-कफ वर्षभर राहतो. नियमित ओढणाऱ्या तरुणांत शुक्राणूंची संख्या कमी आढळते. हे ऐकल्यावर पोरं थोडी सरळ बसतात, म्हणून मी सांगतेच.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते.

१९ वर्षांचा एक मुलगा, धरमपेठेतल्या एका होस्टेलमधून आणलेला. आई म्हणाली, 'अभ्यासाचं टेन्शन आहे, चिडचिड करते, जेवत नाही.' मी त्याच्यापुढे बिस्किटाचा पुडा ठेवला. त्यानं पुडा उचलला, दोन्ही टोकांची शिवण नखानं तपासली, दिव्याकडे धरून पाहिला, मग स्वतः फोडून एक बिस्कीट खाल्लं. मोबाइल टेबलावर पालथा होता, पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर जखमेची पट्टी चिकटवलेली. पाच महिने तो मेसमध्ये जेवत नव्हता. मी विचारलं, कोण काय करतं? बराच वेळ छताकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, 'वरच्या रूममधले पोट्टे माझं डोकं वाचून राहिले. तुम्हाला पण ऐकू येत असंल.'

नशेत असताना थोडा वेळ संशय येणं आणि नशा उतरल्यावरही तो न जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याला आम्ही सायकोसिस म्हणतो. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे की नाही याचा शिक्का मेंदू डोपामिन नावाच्या रसायनानं मारतो. टीएचसी त्या शिक्क्यांची व्यवस्था बिघडवतं. जिन्यावरचा पावलांचा आवाज, कुणाचं हसणं, समोरच्या गाडीचा नंबर, सगळ्यावर 'हे तुझ्यासाठी आहे' असा शिक्का पडायला लागतो. मग मन त्या शिक्क्यांना जोडून गोष्ट रचतं.

यावरचा पुरावा आता जुना आणि जाडजूड आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० मध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांवर तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी भरतीआधी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि संशय दीर्घकाळ राहणाऱ्या आजाराचा, धोका सहापट होता, आणि तो गांजा आजच्यापेक्षा सौम्य होता. २०१९ मध्ये युरोपातली दहा ठिकाणं आणि ब्राझीलमधलं एक अशा ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास आला. १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीही न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट. ज्यांना आधीच आजाराची सुरुवात झालेली असते तेच गांजाकडे वळतात, असा एक आक्षेप आहे आणि काही रुग्णांत तो खराही असतो. पण डोस वाढला की धोका वाढतो, लवकर सुरू केलं की धोका वाढतो, सोडलं की पुढचे झटके कमी होतात. माझ्या मते हे केवळ योगायोगानं होत नाही.

घाबरायचं किती, तर हे पाचपट कशाचे ते आधी धरा. मुळात हा आजार शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो. रोज हायड्रो ओढणाऱ्या बहुतेक पोरांना सायकोसिस होणार नाही. कोणाला होईल हे मात्र मला आधी सांगता येत नाही. म्हणून मी तीन प्रश्न विचारते : पहिल्यांदा कितव्या वर्षी घेतला, आठवड्यातून किती दिवस, आणि दोन्हीकडच्या घराण्यात कुणाला मोठा मानसिक आजार होता का. तिसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे लोक खोटं बोलतात. 'एक काका होते, ते जरा देवभोळे होते, घर सोडून गेले.' भाऊ, असा कुणी काका, आत्या, आजी असेल तर मुलाला आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा. घराची अब्रू सांभाळायला ही माहिती लपवणं फार महाग पडतं.

त्या बिस्किटवाल्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. औषधं सुरू झाली, गांजा सुटला, दोन महिन्यांत तो मेसमध्ये जेवू लागला. होळीला मित्रांसोबत पुन्हा ओढला, चार दिवसांत पट्ट्या पुन्हा कॅमेऱ्यावर. पुन्हा बरा झाला. तिसऱ्यांदा आजार आला तेव्हा सहा महिने त्यानं काहीही घेतलं नव्हतं. गांजानं उघडलेलं दार आता गांजाशिवायही उघडत होतं. डेन्मार्कच्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यास सांगतो की गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचं निदान होतं. म्हणून पहिला झटका 'नशेचं होतं, उतरलं' म्हणून सोडून देऊ नये. त्यानंतर दोन-तीन वर्षं तरी डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं.

कॅनडाचं त्याचं म्हणणं खरं आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे कायदेशीर आहे. पण तिथल्या पाकिटावर टीएचसीचा आकडा छापलेला असतो, बहुतेक प्रांतांत १९ वर्षांखालच्याला मिळत नाही, आणि क्वेबेक प्रांतानं तर वय २१ केलंय. ज्या देशाचा दाखला तो देतो, त्याच देशातल्या मॉन्ट्रियलच्या दुकानात तुमच्या २० वर्षांच्या मुलाला तो विकत मिळाला नसता. हे त्याला सांगा, त्याला पटेल.

'नॅचरल आहे, सवय लागत नाही' हे मात्र चूक आहे. एकदा तरी घेऊन पाहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांच्या आसपास लोकांना व्यसन जडतं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहापैकी एकाला. रोजच्या टीएचसीनं मेंदू आपली सीबी-१ कुलपं कमी करत जातो. मग तीच मजा यायला जास्त माल लागतो, आणि न घेतलेल्या दिवशी साधा आनंदही होत नाही. सोडलं की एक-दोन दिवसांत झोप उडते, भूक मरते, घाम येतो, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दुसऱ्यात उतार. इथे घरचे नेमके फसतात. आई म्हणते, 'घेत होता तेव्हा शांत होता, आता अंगावर येते, घेऊ द्या बापा थोडा.' ती शांतता नव्हती, भाऊ, आणि ही चिडचिड म्हणजे त्याचा स्वभाव नाही. साधारण चार आठवड्यांत ती कुलपं पूर्वपदाला येतात, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. म्हणजे पहिला महिना धरून ठेवायचा.

आता करायचं काय. त्याला वर्ध्याला घरी आणा, आठ-पंधरा दिवसांसाठी, आणि आणताना कारण खोटं सांगू नका. बोलायला बसाल तेव्हा 'कोणी दिला, कोणत्या पोट्ट्यानं नादी लावलं' इथून सुरुवात करू नका, मुलगा मित्राला वाचवायला लागेल आणि स्वतःचं बोलणं राहील. त्याला विचारा की त्या रात्रीनंतर पुन्हा घेतलास का, आणि घेतल्यावर पहिल्यासारखं वाटतं का. बहुतेक पोरं इथे खरं सांगतात, कारण पहिल्यासारखं वाटत नसतं. मग गप्प बसून ऐका. मारू नका. लघवीची तपासणी चोरून करू नका. टीएचसी चरबीत साठतं, रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही दिसू शकतं, त्यामुळे सोडून तीन आठवडे झालेलं खरं पोरगं तुमच्या कागदावर खोटं ठरेल.

झोपेच्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणू नका, एक सोडताना दुसरी लागते. आणि कुणी सांगितलं म्हणून रात्री गाडी बोलावून, हातपाय धरून एखाद्या 'नशामुक्ती केंद्रात' टाकू नका. परवाना नसलेल्या अशा ठिकाणाहून मार खाऊन आलेली मुलं मी तपासली आहेत. त्यांतल्या एकानंही त्या मारामुळे सोडला नव्हता, बापाशी बोलणं मात्र सोडलं होतं. गांजा सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून कुठेच नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा : कधी, कुणासोबत, कोणत्या वेळी हात जातो ते शोधायचं, त्या वेळेला दुसरं काही बसवायचं. दिवसाची आखणी, झोप आणि व्यायाम यांची फार मदत होते. त्रासदायक लक्षणांना आठ-पंधरा दिवस औषध देता येतं.

कुठे जायचं? सेवाग्राम तुमच्या दारात आहे, सावंगीही आहे, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, आणि 'पागलखाना चौक' या नावाला घाबरून तिथे न जाणारे लोक उपचारांची चांगली वर्षं घालवतात. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी क्रमांक आहेत. पोलिसांची भीती असेल तर : उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आमच्यावर घातलं आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे, ते स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि थोड्या मालाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. पण मित्रांसाठी तोच आणून वाटत असेल तर प्रकरण वेगळं आहे, हे त्याच्या कानावर जरूर घाला.

काही गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नका. दोन रात्री सलग झोप नाही. कुणीतरी मागावर आहे, जेवणात काही घातलंय, कानात कुणी बोलतंय. एकटाच हसतो किंवा पुटपुटतो. जीव देण्याची भाषा. थांबत नाहीत अशा उलट्या. छातीत दुखून चक्कर येऊन पडणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात.

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर. तुम्ही लिहिलंय त्यात संशयाचं किंवा आवाजांचं काही नाही, फक्त ती धडधडीची रात्र आहे. एवढंच असेल तर वर्ष जायचं कारण नाही. सोडल्यावर पहिले तीन-चार आठवडे वाचलेलं डोक्यात राहणार नाही. त्याला ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो 'माझं डोकं गेलं' म्हणून पुन्हा ओढेल. परीक्षा त्या महिन्यात येत असेल तर दोन विषय राहू द्या, पुढच्या वेळी निघतात. रूम बदलणं शक्य असेल तर बदला. मला स्वतःला विचाराल तर हा सगळ्यात उपयोगी खर्च आहे. आणि पहिल्या भेटीला तुम्ही सोबत या, पण डॉक्टरांना सांगा की त्याच्याशी आधी एकट्यानं बोला. येताना त्या रात्रीचा ईसीजीचा कागद आणा.